पावणं

आमचे मालक आणि बाळासो भावजी भांडायला लागले की गल्लीतली पोरं अभ्यास सोडून बाहेर यायची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की दोघं मुळातच मुकी, सोशिक माणसं होती. सोशिक त्यांच्यात कुणीच नव्हतं. आमच्या घरात शांत अशी एकच वस्तू, ती म्हणजे मी शांतादेवी, आणि तीही नावापुरती.

मालक म्हणजे रामलिंग. कोल्हापुरात आमचा म्हशींचा गोठा आहे. संध्याकाळी म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जायचं, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा पिढीजात धंदा. बाळासो भावजी पलीकडच्या गल्लीतले. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत त्यांची उभी हयात गेली. तिथल्या धडधडाटावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावायची. आम्ही लिंगायत, ते मराठा. शाळेत मास्तरांनी दोघांना एका बाकावर बसवलं आणि बाकाच्या मधली रेघ कुठं मारायची यावरून भांडण सुरू झालं. ते परवापरवापर्यंत चालू होतं.

मी निपाणीच्या पलीकडची. माहेरी घरात कानडी, मराठी फक्त शाळेच्या पुस्तकातलं. लग्न होऊन आले, अंगाची हळद निघाली नव्हती, आणि पहाटे गोठ्यातून आरडाओरडा ऐकू आला. "रामल्या, रेड्या, पेंड भिजत घातली न्हायस व्हय रं?" "बाळ्या, मुडद्या, म्हस तुझी का माझी?" मी चुलीपुढे रडायला लागले. वाटलं, आता एकाचा मुडदा पडणार. सासूबाई शेणाच्या हातानं हसत आत आल्या. म्हणाल्या, "अगं, सुखात हाईत ती दोघं. गप बसली तर काळजी कर."

त्या दोघांच्या भांडणातून मी कोल्हापूरचं मराठी शिकले. 'किल्ली घावंना' म्हणजे किल्ली सापडत नाही, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, किल्लीनं कुणाला तरी घाव झाला. तसाच 'पावणं' हा शब्द. कट्ट्यावर कुणीही अनोळखी माणूस आला की "ओ पावणं, जरा सरकून उभं ऱ्हावा." मी म्हटलं, "भावजी, हे सगळे तुमचे पाहुणे?" बाळासो भावजींनी पेल्यावरचा फेस फुंकला आणि म्हणाले, "वैनी, ज्येला शिवी देता येत न्हाय त्येला पावणं म्हणायचं." मग दोघांनी एकमेकांना टाळी दिली. प्रत्येक भांडणाच्या शेवटी टाळी असायचीच. त्याशिवाय भावजी दुधाचा तांब्या उचलायचे नाहीत.

महापूर आला तेव्हा आमच्या गोठ्यात कमरेएवढं पाणी चढलं. एक म्हैस दिवस भरलेली. भावजी छातीला कासरा गुंडाळून आले आणि तिला पाण्यातून ओढत बाहेर काढलं. पन्हाळ्याच्या वाटेला उंचवट्यावर म्हशी न्यायच्या होत्या, तर कुठल्या रस्त्यानं न्यायच्या यावर दोघं सगळी वाट भांडली. मी मागून डोक्यावर गाठोडं घेऊन चालत होते. जीव मुठीत होता, तरी त्या आवाजाच्या मागोमाग चालताना भीती वाटत नव्हती. त्याच उंचवट्यावर रेडकू झालं, एवढंसं, पावसानं चिंब. भावजी म्हणाले, चिमणी. मालक म्हणाले, म्हशीला कुणी चिमणी म्हणतं व्हय रं गाढवा? नाव चिमणीच पडलं. पुढं ती अशी वाढली की दारातून आत यायची तर आधी शिंगं तिरकी करावी लागायची.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. आदल्या दिवसापासून म्हशी धुवायच्या, अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या. आणि मग सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं म्हैस पळवायची. दोरी नाही, काठी नाही. म्हैस नुसत्या मालकाच्या हाकेवर आणि त्या गाडीच्या आवाजावर गर्दीतून धावत येते. बघणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. पण म्हशीनं मालकाला ओळखलं नाही तर त्या माणसाला वर्षभर मान वर करून चालता येत नाही.

आमच्या चिमणीला दोन माणसं लागायची. भावजींची जुनी राजदूत, ती चालवणार भावजी. मागं उलटं तोंड करून बसणार मालक, म्हशीकडं बघत, हात हलवत, "चल गं माझे बाई, चल" म्हणत. उलटं बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. पुढं खड्डा आहे, माणूस आहे, वळण आहे, सगळं चालवणाऱ्याच्या हातात. मी एकदा विचारलं, "भीती वाटत नाही?" मालक म्हणाले, "बाळ्या हाय की."

तर, मागच्या पाडव्याची गोष्ट.

दुपारचं ऊन होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, हलगी चाललेली. मी ओवाळायचं ताट घेऊन लांब टोकाला उभी होते. राजदूत आली, मागं चिमणी आली, चारी पाय उधळत, कवड्या वाजवत. लोक शिट्ट्या मारत होते. आणि मध्येच, काही कारण नसताना, भावजींनी ब्रेक दाबला. चिमणी गाडीवर येऊ नये म्हणून बाजूला वळली, तिचा पाय घसरला आणि गुडघ्यावर आपटली. डांबरावर रक्त आलं. मागून येणाऱ्या दुसऱ्याच्या म्हशी तिला ओलांडून पुढं गेल्या. कुणीतरी हसलं.

मालकांनी उडी मारली आणि भावजींना जे सुनवायला सुरुवात केली, ते ताट धरून उभ्या असलेल्या मलाही ऐकू येत होतं. सगळ्या ठेवणीतल्या शिव्या बाहेर निघाल्या. आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता भावजी उलट सुरू होतील, दोघं घसा फुटेपर्यंत ओरडतील, चिमणीच्या गुडघ्याला हळद लावतील आणि टाळी होईल. पण भावजी गाडीवर वाकून बसलेले. राजदूत तशीच फडफडत होती. त्यांनी मान वर केली, त्यांचे ओठ हलले. मग गाडी स्टँडला लावली आणि गर्दीतून चालत निघून गेले.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

मालक चिमणीच्या पायापाशी बसले होते. गुडघ्याला हळद लावून झाली. मग म्हणाले, "चुकलं पावणं, म्हणला."

"काय?"

"पावणं म्हणला मला. बाळ्या. मला."

मी म्हटलं, रागात म्हणाले असतील. मालक म्हणाले, "रागात आय-बाप काढ की. रागात कानफाडीत मार. पावणं म्हणायला राग लागत न्हाय, शांता. त्येला माणूस मनातनं उतरावा लागतोय."

त्या शब्दाचा अर्थ मला त्याच दोघांनी शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठा गप्प होता. भावजी आले नाहीत. त्यांची बायको शालूबाई तांब्या घेऊन आली, दूध घेतलं आणि खाली बघत गेली. मी म्हटलं, चार दिवसांनी येईल गाडी रुळावर. मालक रोज पहाटे धार काढताना दाराकडं बघायचे. म्हशीला माणसाचं मन कळतं म्हणतात. त्या दिवसांत दूधही कमी यायला लागलं. मी दोनतीनदा म्हटलं, तुम्ही जा. तर म्हणाले, "पावण्यानं बोलावल्याशिवाय जाऊ ने." या पुरुषांचा मान म्हणजे भिजलेलं घोंगडं. अंगावर घेतलं तरी थंडी आणि टाकलं तरी थंडी, पण टाकणार नाहीत. मला दोघांचाही संताप आला होता.

मग संक्रांत आली. आमच्याकडे संक्रांतीला हे दोघं एकमेकांना तिळगूळ द्यायचे आणि म्हणायचे, "तिळगूळ घे आन् गोड बोललास तर बघ." गल्लीत सगळ्यांना ते पाठ होतं. त्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते, मालक पाणी पाजत होते, आणि दारात भावजी उभे. वाळलेले दिसले. गळ्याला मफलर. तळहातावर एक तिळाचा लाडू.

माझ्या हातातलं फावडं तसंच राहिलं. मनात म्हटलं, बोला एकदाचं काहीतरी, कुणीतरी.

मालकांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर आधी आनंद आला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मग तो त्यांनी गिळला. म्हणाले, "या पावणं, या. आज कशी काय वाट वाकडी केलासा? तिळगूळ घ्या, गोड बोला."

भावजींचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांनी गळ्याशी हात नेला, मग तो हात हवेत तसाच झटकला, तिळगूळ गव्हाणीच्या कडेवर ठेवला आणि गेले. चिमणीनं जीभ काढून तो खाऊन टाकला.

"बघितलंस?" मालक म्हणाले. "एक शबुद बोलला न्हाय."

"तुम्ही काय कमी केलं?"

"मी त्येचंच त्येला परत दिलं."

त्या दिवसापासून शालूबाईही दुधाला यायची बंद झाली. त्यांच्या दारापुढच्या कचऱ्यात मला पिशवीच्या दुधाची रिकामी पिशवी दिसली. गवळ्याच्या मित्राच्या घरात पिशवीचं दूध. मी घरी येऊन हे सांगितलं नाही, पण मालकांना कळलंच असणार. त्या संध्याकाळी ते कट्ट्यावर एका गिऱ्हाइकाला उगाच तोडून बोलले.

उन्हाळा लागला तेव्हा बातमी कळली. भावजींच्या घशात गाठ होती, वाईट गाठ, आणि ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास. आता आवाज येणार नाही, कधीच. गल्लीत कुणालाच पत्ता लागू दिला नव्हता. बोभाटा नको, कीव नको, असं भावजींनीच घरात बजावलं होतं.

मालकांनी ऐकलं आणि धारेला बसले. मी म्हटलं, "आता तरी चला." ते म्हणाले, "मला कुठं कोण सांगाय आलं? परक्याला कशाला सांगतील?" त्यांची बोटं सडावरून घसरत होती. मी आणखी वाट बघितली नाही. नारळ घेतला आणि एकटी गेले.

भावजी आतल्या खोलीत झोपले होते. शालूबाई स्वयंपाकघरात पातळ पेज गाळत होती. मला बघून तिला रडू आलं, मलाही आलं. मग मी म्हटलं, कारण पोटात ठेवणं मला जमत नाही, "वैनी, एवढं काय झालतं हो? पाडव्याला भावजींनी ह्यांना पावणं कशाला म्हटलं?"

शालूबाई माझ्याकडं बघतच राहिली. "कुणी? ह्येंनी? पावणं तर रामभावजी म्हणलं संक्रातीला. त्या दिवशी घरी आलं आन् भिंतीकडं तोंड करून झोपलं. दोन दिस जेवलं न्हाईत."

"पण पाडव्याला, गाडीवर?"

"गाडीवर तर त्यास्नी पयल्यांदा तरास झाला, शांताक्का. खोकल्याची उबळ आली, दम कोंडला, म्हणून बिरेक मारला. रामभावजी वरडाय लागलं. ह्येंनी बी तोंड उघडलं शिव्या द्याय, तर आतनं कायच ईना. नुसती हवा. 'चुकलं, आवाज घावंना' म्हणलं आन् तसंच घरला आलं. रातभर मला त्येच. शाले, आवाज घावंना." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला म्हणायचं, आवाज आला की जातो, दोन शिव्या घालून येतो. असल्या आवाजानं काय भांडायचं त्येच्यासंगं? वाट बघितली बघा आवाजाची. संक्रातीला न्हाय ऱ्हावलं, तसंच गेलं."

घावंना. मी तो शब्द मनात म्हटला. मग ओठांत म्हटला, आवाज न काढता, नुसत्या हवेनं. घावंना. पावणं. शेजारी राजदूत फडफडत असती, हलगी वाजत असती आणि माणूस रागानं पेटलेला असता, तर काय ऐकू आलं असतं? दोघांनी एकमेकांना जन्मभर असंख्य शिव्या दिल्या, त्यातली एकही लागली नाही. आणि जो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता, तो लागला.

घरी मालक गोठा धूत होते. मी उभ्याउभ्या सांगितलं.

"न्हाय," ते म्हणाले. "मी माझ्या कानानं ऐकलंय."

"तुमच्या कानात सायलेन्सर काढलेली राजदूत होती!" मी ओरडले. लग्नानंतर इतकी कधी ओरडले नव्हते. चिमणीनं मान वळवून बघितलं.

त्यांच्या हातात बादली होती. त्यांनी हळूच म्हणून बघितलं, "आवाज घावंना." मग पुन्हा, आणखी हळू. मग नुसतं शेवटचं. बादली खाली ठेवली. पाण्याचा नळ तसाच चालू होता. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी नळ बंद करायला गेले. वळून बघते तर दारातून निघालेले, शेणानं भरलेल्या पायांनी, बनियनवर. मी मागं धावले.

भावजींच्या दारात पोचले तोवर आतून आवाज सुरू झाला होता. "आरं ए बाळ्या! मुडद्या! आवाज घावंना तर हातानं सांगायचं हुतंस की! दगूड उचलून घालायचा हुतास माझ्या डोस्क्यात! गप निघून जातोस व्हय रं? कुणाला इचारून गेलास? आं?" शेजारपाजारची माणसं दारात आली. भावजींची लेक राजनंदिनी धावत आली, "काका, हळू, अहो त्यांचं ऑपरेशन झालंय." तिला वाटलं, हा माणूस आजारी माणसाच्या जिवावर उठलाय. शालूबाईनं तिचा हात धरून मागं ओढलं. म्हणाली, "वरडू दे. त्यास्नी वरडू दे."

भावजी उठून बसले होते. गळ्यात नळी, अंग अर्ध्यावर आलेलं. पण डोळे मात्र जुने, कट्ट्यावरचे. त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नळीतून नुसती शीळ. पण मी त्याच शिव्यांवर मराठी शिकले होते. मला वाचता येत होतं. रामल्या. रेड्या. कुठं मेलतास?

"बोल की!" मालक रडत होते आणि ओरडत होते. "मी एकटाच कुत्र्यावानी भुंकू व्हय? बोल की मर्दा! एका हातानं टाळी वाजती व्हय रं?"

बोलून गेले आणि थबकले. सवयीचं बोलणं कुठं जाऊन लागेल सांगता येत नाही.

मग भावजींनी सुयांनी काळा पडलेला हात वर केला. तळवा पुढं करून तसाच हवेत धरला. तो खाली घेतलाच नाही. मालकांनी त्यावर आपला हात मारला. अगदी जपून मारला, त्यामुळे आवाज फार झाला नाही. मी तो आवाज अजून विसरले नाही. मग मालकांनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दोघं रडले. आम्ही बायका बाहेर आलो.

त्यानंतर मालक रोज जायचे, दुधाचा तांब्या घेऊन, भांडायला. दोघांच्याही वाटचं एकटेच बोलायचे. आधी स्वतःचं, मग आवाज जाड करून भावजींचं. "रामल्या, तुला म्हशीतलं काय कळतंय? — मला न्हाय तर काय तुला कळतंय, भट्टीवरच्या भुता?" चुकीची शिवी घातली की भावजी बोट हलवून नाही म्हणायचे, मग मालक दुसरी लावून बघायचे. बघणाऱ्याला हसू येईल असंच ते होतं. मलाही यायचं. पण एकदा घरी येऊन मालक म्हणाले, "शांता, त्येच्या शिव्या मी देतोय, पर त्या माझ्याच हाईत की. तो 'रामल्या' कसा म्हणायचा, त्येच मला आता आठवंना झालंय." आम्ही मोबाइल काढून जुन्या पाडव्यांचे व्हिडिओ बघितले. एकामागून एक सगळे बघितले. भावजी तोंड उघडून ओरडताना दिसत होते, आणि ऐकू येत होती ती नुसती राजदूत.

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात भावजी गेले. दुपारी झोपेतच गेले. गाठ दुसरीकडं पसरली होती. जे दिवस आजारपणानं नेले त्यांचं मला काही म्हणायचं नाही. पण पाडव्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे दिवस होते, त्यातल्या कितीतरी दिवशी थोडातरी आवाज होता. घोगरा, फाटका, पण होता. ते आठवलं की मला अजून अन्न गोड लागत नाही.

आमच्यात माणसाला पुरतात. समाधीपाशी जाऊन बसता येतं, काय बोलायचं ते बोलता येतं. भावजींच्यात दहन. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला आम्ही नदीला गेलो. मालक पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या मागं उभे राहिले. राख पाण्यात गेली तेव्हा एवढंच म्हणाले, "भांडाय जागासुदीक ठेवली न्हाय बघ ह्येनं."

नैवेद्य झाला, माणसं परत निघायला लागली. भावजींचे लांबचे कुणी चुलते शिरोळकडून आले होते, टोपी घातलेले, कानानं थोडे अधू. सगळ्यांना हात जोडत, विचारपूस करत आमच्यापाशी आले. मालक नदीकडं बघत होते. म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्याला हात लावला, मायेनं विचारलं, "पावणं, तुमी बाळासोचं कोण म्हणायचं?"

मालकांनी त्यांच्याकडं बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. गळ्याशी हात नेला. सगळं संक्रांतीच्या सकाळसारखं. कसाबसा श्वास घेतला आणि नुसत्या हवेनं काहीतरी पुटपुटले, माझ्याकडं बघून, लहान पोरानं आईकडं बघावं तसं.

"काय म्हणलासा?" म्हाताऱ्यानं कानाशी हात नेला. "पावना? पावना व्हय? बरं, बरं. कुठल्या गावचं पावणं?"

तो पुढं जायला वळला होता. मी त्याची बाही धरली. नदीकाठची सगळी माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्यानं मी बोलले, पण मला लाज वाटली नाही.

"पावना म्हणत न्हाईत ते," मी म्हटलं. "घावंना म्हणतायत. आवाज घावंना. नीट ऐका की जरा."